मॉड निवडायला बसलो

मसोलीत शेठचं गेमिंगचं दुकान होतं, सहा कॉम्प्युटरांचं. परभणीकडून आठवी सोडून आलेल्या मला त्यांनी कामाला लावलं, समुद्रकाठी वरोर गावातल्या आपल्या घरी पडवीत झोपायला जागा दिली. उपकार एवढा मोठा की रोज धाकधूक, काही चुकलं तर कामही गेलं आणि छप्परही.

दुकान चालायचं मारामारीवर. मूळ गेममध्ये नसलेलं रक्त, कोयते, तुटणारे हातपाय आणतात ते मॉड. शेठनी ते शेकड्यांनी जमवलेले, सगळे एका डिस्कवर कसेही पडलेले. "जरा निवडून ठेव रे," म्हणाले.

मला निवडणं माहीत होतं ते त्यांच्या आईचं. होडी लागली की ती मासळी निवडायची. बोंबलात बोंबील, कोळंबीत कोळंबी. मीही तसंच केलं. प्रत्येक मॉडचं फोल्डर उघडून चित्रं चित्रांत टाकली, आवाज आवाजांत. रिकामी झालेली मॉडची फोल्डरं नावासकट पुसली. डिस्क कशी सारवल्यागत दिसत होती.

रविवारी तलासरीहून चौघं मॅच खेळायला आले. गेम सुरू झाला तर माणसांना तोंडं नाहीत, रक्त दिसेना, आणि कोयता उगारला की सगळंच बंद.

"ए परभणी, कोयता कुठं घातलास?" त्यांच्यातल्या दांडग्याने विचारलं.

"चित्र चित्रांत, आवाज आवाजांत ठेवलेत," मी म्हणालो.

बाकीचे हसले. त्याने माझी मान धरून तोंड की-बोर्डवर आपटलं. ओठ फुटला. परत आपटलं. मग त्याने खुर्ची उचलली. दिवसभर खून बघणारा मी, पण ती खुर्ची डोक्यावर येताना मी डोळे मिटले.

शेठ मध्ये घुसले. खुर्ची त्यांच्या खांद्यावर बसली. त्यांनी त्याला गळ्याला धरून शटरवर असा हाणला की शटर थरथरत राहिलं. "माझ्या माणसाला हात लावतोस?" चौघं बाइकवर बसून पळाले. मग वळून शेठनी मलाही एक ठेवून दिली. कान सुन्न झाला.

मी पिशवी उचलली.

"कुठं?"

"गावाला. तुमचं सगळं नासवलं मी."

"नासवलंस तू, आणि निस्तरणार कोण? माझी आई?" खांदा चोळत त्यांनी पायाने स्टूल पुढे सारलं. "एकेक चालवून बघायचं, कुठला आवाज कुठल्या मॉडचा. वर्ष लागू दे. तोवर इथून हलायचं नाही."

तोंडातलं रक्त बाहेर थुंकून आलो, बसलो. एक आवाज कोयत्याला जोडला, कोयता चालवला. ट्रकचा हॉर्न वाजला.

शेठ हसले नाहीत. "दुसरा लाव," म्हणाले.