जावयाच्या गाडीचा टर्बो

बोअरशेठ हे नाव त्यांना दोन कारणांनी मिळालं होतं. इंजिनाचे झिजलेले सिलिंडर आतून कोरून नीट गोल, म्हणजे बोअर करून द्यायचे, हा त्यांचा धंदा. दुसरं कारण त्यांच्यासमोर जरा वेळ बसलेल्या कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारावं. गिऱ्हाईक मात्र उठून जात नसे. ज्याचं इंजिन उघडून टेबलावर पडलंय, तो बिचारा जाणार कुठे?

शेठचा लाडका विषय म्हणजे हल्लीची इंजिनं. बिडाची इंजिनं होती तेव्हा गाड्या गाड्या होत्या. आता सगळं ॲल्युमिनियम, म्हणजे डब्याचं झाकण. आपण बोअर केलेलं इंजिन परत आलेलं नाही, हेही ते सांगत. आलेली इंजिनं त्यांच्या मते गिऱ्हाइकाच्या मूर्खपणामुळे आलेली असत, त्यामुळे ती मोजायचा प्रश्नच नव्हता.

एका सुट्टीच्या दिवशी लेक आणि जावई जेवायला आले. जेवण उरकता उरकता लेक म्हणाली, "बाबा, आमच्या गाडीला टर्बो बसवायचाय."

शेठनी लेकीकडे पाहिलंच नाही. त्यांनी थेट जावयाकडे पाहिलं. जावयाचं चष्म्यांचं दुकान होतं. माणूस इतका सौम्य, की गिऱ्हाइकाला नंबर वाढलाय हे सांगतानाही त्याला वाईट वाटे. त्यानं स्वतःचा चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"वा!" शेठ म्हणाले. "शर्यतीत उतरणार वाटतं जावईबापू! डबा एवढासा, आणि त्याला टर्बो! माहितीये का टर्बो म्हणजे काय?"

जावयानं मान हलवली. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, ते कळायच्या आत शेठ सुरू झाले होते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो, तो इंजिनाच्या घशात जास्तीची हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त मोठा भडका. आणि हा भडका सोसायचा कुणी? या लहान इंजिनात सिलिंडर वरच्या टोकाला मोकळेच असतात, पाण्याच्या टाकीत ग्लास उभे करून ठेवावेत तसे. भडका वाढला की ते थरथरतात, वरचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधली गॅस्केट फाटते, की खेळ खलास.

"मग दुसरीकडे दाखवू," लेक म्हणाली.

हे वाक्य तिनं मुद्दाम टाकलं होतं, हे तिच्या आईला कळलं. शेठना कळलं नाही.

"दुसरीकडे? माझ्या जावयाचं इंजिन दुसरीकडे? उद्याच आणून टाका."

काम सुरू झालं. शेठनी ब्लॉकमधले पातळ लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली नळकांडी, काढून जाड, दणकट लायनर दाबून बसवले, ते पिस्टनच्या मापाला अगदी आरशासारखे बोअर केले. मग सिलिंडरच्या वरच्या टोकाभोवतीची मोकळी जागा भरायला धातूची एक जाड पाटी कापली, पाण्याला वाट म्हणून तिला भोकं पाडली आणि ती ठोकून घट्ट बसवली. आता ग्लास हलायचं नाव काढणार नव्हते. पिस्टनला जोडलेले कनेक्टिंग रॉड बदलले, हेडचे बोल्टही भारी घातले आणि शेवटी टर्बो चढवला. जावई दुकान बंद करून रोज चौकशीला येई आणि रोज बोलणी खाऊन जाई. "कशाला हवाय वेग? चष्मे पळून चाललेत का?" असं शेठ विचारत. जावई हसून म्हणे, "तुमच्या हातचं काम बघायला येतो." एवढा निर्लज्ज माणूस शेठनी पाहिला नव्हता.

चाचणीसाठी सगळे घाटाच्या रस्त्याला निघाले. गाडी जावई चालवत होता, शेठ शेजारी, मायलेकी मागे. जावई इतका जपून चालवत होता, की मागून लेक दोनदा म्हणाली, "अहो, दाबा ना जरा!" त्यानं दाबलं. मागून निळा धूर निघाला, पुढून पांढरी वाफ, आणि गाडी रस्त्याच्या कडेला फुसफुसत उभी राहिली. शेजारून एक सायकलवाले आजोबा चौकशी करत पुढे निघून गेले.

"असं दाबतात?" शेठ कडाडले.

"चुकलंच माझं," जावई म्हणाला.

वर्कशॉपमध्ये इंजिन उघडलं तेव्हा शेठना गॅस्केट बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा होता. त्याआधी सवयीनं त्यांनी सिलिंडरचं माप घेतलं. गेज पुसून परत घेतलं. मग गेजलाच शिव्या घातल्या आणि दुसरं गेज आणलं. तेही तेच सांगत होतं. सिलिंडर गोल नव्हते, लंबगोल झाले होते. पाटी ठोकल्यावर ते दाबले गेले होते. आधी दाबायचं ते सगळं दाबून घ्यावं आणि बोअर शेवटी करावं, हे शेठ आयुष्यभर येईल त्याला ऐकवत आले होते. जावयाला नावं ठेवण्याच्या भरात ते उलटं करून बसले होते.

बायको चहा घेऊन आली. "कुणामुळे झालं?"

शेठनी दोन्ही गेजं पुसून ठेवली. मग म्हणाले, "माझ्यामुळे."

तिनं कप खाली ठेवला. "परत म्हणा."

"ऐकलंस ना एकदा!"

"ऐकलं हो. पण परत कधी ऐकायला मिळणार?"

दुसऱ्या दिवशी दुपारी शेठ नाक मुठीत धरून चष्म्याच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या रिकाम्या फ्रेमांकडे बघत त्यांनी कसंबसं सांगितलं, "चूक माझी होती. तुम्हाला उगाच बोललो. वेगाची हौस असते एकेकाला."

"मला नाहीये," जावई म्हणाला. "मला तर घाटात मळमळतं. टर्बो तिला हवाय."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

जावई फ्रेम पुसत राहिला. "तुम्ही माझ्यावर ओरडत होता तोवर तिच्यावर ओरडत नव्हता. तिला लहानपणापासून तुमच्याच हातचं इंजिन हवं होतं म्हणे. तिची ती हौस बिघडू नये असं वाटलं."

शेठना घरी जायची वाट त्या दिवशी फार लांब वाटली.

या खेपेला त्यांनी तोंड बंद ठेवून काम केलं. नवे लायनर, मग पाटी, मग खऱ्या हेडच्या जागी आरपार भोकांचा जाड पोलादी ठोकळा बोल्टनं कसला, म्हणजे ब्लॉकला जो ताण पुढे सोसायचा तो आत्ताच पडावा. बोअर अगदी शेवटी. लेक शेजारी उभी राहून एकेक बोल्ट कसत होती. तिचा हात चांगला आहे, हे शेठना इतक्या वर्षांनी दिसलं.

पुन्हा घाट. या वेळी गाडी लेकीच्या हातात. वळण आलं की शेठ डोळे मिटत आणि वळण संपल्यावर आपण कान देऊन ऐकत होतो असं सांगत. इंजिन मात्र खणखणीत बोलत होतं. माथ्यावर गाडी थांबली तेव्हा क्लचचा जळका वास येत होता. "क्लचचं काम माझ्याकडे येत नाही," शेठनी ताबडतोब जाहीर केलं.

लेक बॉनेट उघडून आनंदानं आत वाकली. जावई हिरवा-पिवळा होऊन एका दगडावर टेकला होता. शेठनी त्याला पाण्याची बाटली दिली आणि शेजारी बसले.

"उतारावर आणखी मजा येईल म्हणतेय," ते हळूच म्हणाले.

जावयानं खालच्या रस्त्याकडे पाहिलं. "बाबा, आपण चालत जाऊ या?"

"चला," शेठ म्हणाले आणि लेकीचं लक्ष जायच्या आत दोघंही उठले.