मक्याच्या पडद्यामागचा घेवडा

गाडी मागे घेताना मी आरशात बघत होतो, हे खरं. पण बघत होतो स्वतःचे केस. त्यामुळे रस्त्याकडेच्या मक्याच्या तिन्ही ओळी चाकाखाली गेल्या आणि मामाच्या शेताला चांगलं दरवाजाएवढं खिंडार पडलं. मामा धावत आला. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. खिंडारातून दिसणाऱ्या घेवड्याकडे बघून तो मटकन बांधावर बसला.

आमच्याकडे सरकार मक्याला अनुदान देतं, पेराल तेवढ्या जमिनीवर. त्यामुळे मका शाळेच्या गोलपोस्टमागेसुद्धा आहे. मोजणीचे साहेब जीपमधून खाली उतरत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून रस्त्याकडच्या ओळी लोक नवरीसारख्या नटवतात. खत त्यांना, पाणी त्यांना. मागे काय वाट्टेल ते असो. मामाचा पडदाही तसलाच. त्याच्यामागच्या मुरमाड तुकड्यात मामीने घेवडा लावला होता.

त्या तुकड्यातला मका मामी लग्न होऊन आल्यापासून बघत होती. वाढायचा गुडघ्याएवढा, आणि कणीस यायचं ते दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखं. एकदा तिने विचारलं, "हा मका आपण लावतो कोणासाठी?"

"सरकारसाठी," मामा म्हणाला.

"मग त्यांनाच खायला घाला."

ती तडक स्वयंपाकघरात गेली. रंगाच्या रिकाम्या डब्यांत मुरूम भरून तिने खिडकीत तऱ्हेतऱ्हेचा घेवडा लावून बघितला. बराच मेला, एक जात तगली. तिचंच बी धरत धरत या वर्षी तिने तुकडाच मागितला. मामाने दिला, पण पडद्याच्या अटीवर.

"आता दुपारी साहेब येणार," मामा बांधावरून म्हणाला. "हा तुकडा मक्यात खपवताना सापडलो तर सगळ्या शेताचं अनुदान जाईल. पुढचं बियाणं कशावर आणायचं? याच्या केसांवर?"

तो मोडलेली ताटं पुन्हा रोवायला लागला. मामीने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"राहू द्या. नोंद अजून व्हायचीय ना? मीच सांगते त्यांना."

"काय सांगशील?"

"घेवडा आहे म्हणून. दुसरं काय दिसतंय तुम्हाला?"

जीप आली. मामी खिंडारात वाहतूक पोलिसासारखा हात करून उभी राहिली. "साहेब, एवढा तुकडा मक्यात धरू नका. घेवडा आहे."

मामाने डोळे मिटून घेतले. साहेब चक्क खाली उतरले. बुटाने जमीन उकरली, एक शेंग मोडून बघितली.

"मुरमात?"

"मुरमात."

"आमच्या परसात गवतसुद्धा येत नाही हो."

त्यांनी तेवढाच तुकडा वगळला, बाकीचा मका मोजून घेतला, आणि जाताना मामीकडचं गेल्या वर्षीचं मूठभर बी रुमालात बांधून नेलं.

घेवडा झकास आला. शेजारच्या दोघांनी आपापल्या मुरमासाठी बी सांगून ठेवलंय. मामा आता 'आमची कल्पना' म्हणून सगळीकडे सांगत फिरतो, आणि मामी त्याला सांगू देते.

परवा शेंगा तोडायला गेलो होतो. तिथे उभा राहून मी शहाण्यासारखं विचारलं, "मामी, उद्या सरकारने मक्याचं अनुदान बंदच केलं तर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू, तू आधी वेलावरचा पाय काढ."