अण्णामामाची खोळीतली बंदूक

अण्णामामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबडच्या आमच्या कंपनीत, स्टोअरमध्ये, पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. पलीकडे त्याचा मुलगा प्रशांत. "मंगलताई, अण्णा गेले. सकाळी बांधावरच... फुलं तोडायला बायका आल्या होत्या, त्यांनीच पाहिलं." आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न काय निघावा? "बंदूक कुठे होती?" आजही आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते. माणूस गेलाय, आणि ही बया बंदुकीची चौकशी करते. प्रशांत म्हणाला, "खांद्याला. खोळीसकट. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅकच. निजल्यासारखे पडले होते." त्याला आता सव्वा महिना होऊन गेला. एवढ्या दिवसांत मामाबद्दल मला जेवढं कळलं, तेवढं आधीच्या चाळीस वर्षांत कळलं नव्हतं, आणि तरी डोक्यातला गुंता काही सुटलेला नाही. लिहिल्याने सुटेल असंही नाही. पण मनातल्या मनात किती दिवस घोळवायचं?

देवळाली कॅम्प मागे टाकून दारणा नदीकडे उतरलं की मामाचं चार एकर रान. निम्म्यात झेंडू, निम्म्यात कोबी-फ्लॉवर. कॅम्पात तोफांचा सराव असला की घरातली भांडी वाजायची आणि मामी म्हणायची, "वाजू द्या, दूध उतू जाण्यापेक्षा बरं." बाजूला ऊस, उसात बिबट्या. आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. झेंडू तोडायला बायका उजाडायच्या आधीच याव्या लागत, कारण फुलांची गाडी वेळेत बाजारात पोचायला हवी. द्वारकेच्या चौकात एकदा अडकली की फुलांचा पाला झालाच म्हणून समजा. या बायकांच्या पुढे रोज अण्णामामा चालायचा, खांद्याला बंदूक. आजोबांची एकनळी, परवाना पीकसंरक्षणाचा, आजोबांच्या मागे मामाच्या नावावर झालेला. मामीने जाड खाकी कापडाची खोळ शिवली होती, तोंडाला नाडी. बंदुकीच्या वजनाने मामाचा उजवा खांदा कायमचा खाली आलेला. लग्नाच्या फोटोतसुद्धा तो एका बाजूला कललेला दिसतो... म्हणजे माझ्या लग्नाच्या, त्याच्या नाही.

त्याचा एक नियम होता. झेंडूच्या सरीत शिरायच्या आधी बांधावर थांबायचं आणि खोकायचं. चांगलं मोठ्यांदा. बायका, मामी, पाव्हणेरावळे, कुणालाही सूट नाही. मी न खोकता आत शिरले की लांबून ओरडायचा, "मंगल, खोक!" मी म्हणायचे, "मामा, हा काय दवाखाना आहे का?" तर म्हणायचा, "वाघाला माणसाचा आवाज आला की तो वाट बदलतो. तुझ्याच भल्याचं हाय." पटण्यासारखं होतं. पटलंही होतं.

बंदूक मात्र मला कधीच पटली नाही. मी त्याला सरळ सांगायचे. "मामा, कॅम्पातल्या तोफांना न घाबरणारा तुझा वाघ या दांडक्याला घाबरणार आहे होय? इतक्या वर्षांत एक डुक्कर तरी मारलंस का?" तो हसायचा. "मारायला कुठं हाय ती?" मग कशाला आहे, यावर मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटायचा आणि विषय कोबीवर न्यायचा. वाद घालण्यात त्याला रस नव्हता. म्हणून तर सुनावणीचं त्याने एवढं मनावर घेतलं, तेव्हा मी चाट पडले.

त्याचं असं झालं. शेतकऱ्यांच्या बंदुकांबद्दल राज्य सरकारचा एक मसुदा आला. शेतीच्या परवान्यावरच्या सगळ्या बंदुका बाराही महिने पोलीस ठाण्यात ठेवायच्या, गरज पडली की अर्ज करून न्यायच्या आणि काम झालं की परत जमा करायच्या. निवडणुकीच्या आचारसंहितेत एरवीही त्या जमा होतातच, तेच आता कायमचं. ज्यांची हरकत असेल त्यांनी लेखी द्यावी आणि सुनावणीला येऊन बोलावं. आमच्या घराण्यात कुणाचाही अर्ज असला तरी लिहायला मीच. रेशनकार्डापासून घटस्फोटापर्यंत. मामा सिडकोतल्या माझ्या घरी आला, चहाला हात न लावता म्हणाला, "मंगल, हरकत लिव. कडक लिव." मी म्हटलं, "माझं मत उलटं आहे, माहीत आहे ना? ठाण्यातच बरी ती." तर म्हणाला, "मत तुझ्याकडं ठेव. अक्षर मला दे."

मग लिहिलं. दोन पानं, माझ्या मताच्या अगदी उलट, आणि खरं सांगते, झकास लिहिलं. दोन रानडुकरांचा मी कळप केला. मामा ऐकत होता. 'सदर शस्त्र माझ्या ताब्यात असून मी त्याची नियमित देखभाल करतो,' हे वाक्य आलं तेव्हा म्हणाला, "ते ताब्यात वगैरे लिवायलाच पायजे का?" मी म्हटलं, "मामा, जे ताब्यात नाही ते काढून घेऊ नका असं कसं सांगणार?" त्याने बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवलं. मग सही केली, इतकी दाबून की मागच्या कागदावरही उमटली.

सुनावणीला मी रजा काढून गेले. सभागृह भरलेलं. द्राक्षवाले, ऊसवाले, डाळिंबवाले, एकेक जण उठून बोलत होता. कुणी म्हणालं, अर्ज मंजूर होईपर्यंत डुक्कर थांबेल का. एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं, मालक गेल्यावर ती बंदूक दारात दिसते म्हणून मी एकटी मळ्यात राहते. त्या बोलल्या तेव्हा, मत उलटं असूनही, मी मान डोलावली. मग मामाचं नाव पुकारलं. तो उठला आणि माझी दोन पानं घडी करून खिशात घातली. मी खालून खुणा करतेय, वाच, वाच. पण हा नुसताच उभा. अधिकारी भले होते. त्यांनी हळू विचारलं, "बाबा, बंदूक ठाण्यात राहिली तर तुमची नेमकी अडचण काय?" मामा म्हणाला, "साहेब, मंग सकाळी बायकांच्या म्होरं मी काय घेऊन चालू?" काही लोक हसले. साहेबांनी विचारलं, "आत्ता कुठे आहे ती?" त्याच्या मानेवरून घाम उतरताना मला दिसला. "घरी हाय. खुंटीला." आणि खाली बसला. दोन पानांचं माझं लेखन गेलं पाण्यात.

परतताना द्वारकेला गाडी अडकली. मी फुगून बसले होते. मामा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मंगल, सही करून खोटं लिवलं तर काय होतं गं?" झालं. मला वाटलं, कळपाचा टोमणा मारतोय. मी जी सुटले... तुझ्यासाठी रजा काढली, माझ्या मनाविरुद्ध लिहिलं, आणि वर मलाच खोटारडी म्हणतोस? पुन्हा माझ्याकडे अर्ज आणू नकोस. तो काहीतरी सांगायला वळला होता, ते मी पाहिलं होतं. पण माझं तोंड चालू होतं. मग म्हणाला, "बरं, ऱ्हाऊ दे." नंतर दोन-तीनदा फोन झाले, पावसापाण्याचे. मी काही त्याच्या घरी गेले नाही. तो गेला तेव्हा आमच्यात एवढंच शिल्लक होतं... ऱ्हाऊ दे.

दहावा झाल्यावर मामी म्हणाली, "आता ती बंदूक जमा करून टाका." परवाना असलेला माणूस गेला की वारसांनी शस्त्र ठाण्यात नेऊन द्यायचं असतं. प्रशांतने खुंटीवरून खोळ काढली, नंबर उतरवून घ्यावा म्हणून नाडी सोडली, आणि आत हात घालून तसाच उभा राहिला. आतून निघाला पाइप. पाण्याच्या लाइनचा काळा पाइप, बंदुकीएवढाच लांब, दोन्ही टोकांना बुचं. एक बूच काढलं तर वाळू. नदीची, चाळलेली, काठोकाठ दाबून भरलेली.

पुढचा सगळा दिवस कसा गेला ते विचारू नका. परवान्यावरची बंदूक सापडत नाही म्हणजे गुन्हा. कुणाला विकली? चोरीला गेली? तिने कुणाचं काही बरंवाईट झालं असेल तर? कांद्याची चाळ उपसली, माळा उपसला, कडब्याची गंजी उतरवली. मामी ओट्यावर बसून म्हणत होती, "रोज तर खांद्याला असायची." प्रशांतचा चेहरा पांढराफटक. मला एकच दिसत होतं, माझ्या हस्ताक्षरातली ती ओळ आणि खाली मामाची सही. सदर शस्त्र माझ्या ताब्यात असून... शेवटी दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं ठाण्यात गेलो, जे असेल ते सांगून मोकळं व्हायचं ठरवून. प्रशांतने रस्ताभर पाठ केलेलं वाक्य सुरू केलं, "साहेब, आमच्या वडिलांची बंदूक..." हवालदारांनी मान वर केली. "अण्णांची ना? ती इथंच आहे की."

मागच्या नाही, त्याच्याही मागच्या निवडणुकीला जमा केलेली. लोक निकालानंतर रांग लावून आपापल्या घेऊन गेले, मामा गेलाच नाही. राहू दे म्हणून लेखी दिलेलं. परवाना वेळेवर नवा करून घ्यायचा, तपासणी तिथेच. "दर दसऱ्याला यायचे," हवालदार म्हणाले. "आमची शस्त्रपूजा असते ना. झेंडूची पाटी ठाण्याला फुकट. स्वतःच्या बंदुकीला तेल लावायचे, हळदकुंकू वाहायचे, एक फूल ठेवायचे आणि जायचे. मी एकदा म्हटलं, अण्णा, न्या की घरी. तर म्हणाले, इथं बरी हाय ती." प्रशांत तिथल्या बाकावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. मला रडू आलं नाही. मला राग आला. अरे, सरकार जे करा म्हणत होतं ते तू आधीपासूनच करत होतास! मग हरकत कशाची घेतलीस? भरसभेत खोटं का बोललास? आणि ती वाळू... बाकी सगळं समजू शकते मी. बायकांना धीर यावा म्हणून खोळ बाळगली, ठीक. पण बघणाऱ्याला वजन कुठे कळतं? वजन ज्याच्या खांद्यावर त्यालाच. मग ती वाळू कुणासाठी होती?

घरी येऊन मामीला सगळं सांगितलं. ती झेंडू निवडत बसली होती. हात थांबला नाही. निवडता निवडताच म्हणाली, "त्या साली धुकं लय पडायचं. एक दिवस मी तुझ्या मामाला न उठवता आधीच रानात गेले. अंगावर तुझ्या आईनं दिलेली पिवळी शाल. सरीत वाकून बसले होते. मला खोकला आला. वर बघितलं तर हा बांधावर, आन् बंदूक माझ्याकडं." मी म्हटलं, "मग?" "मंग काय? खाली घेतली. मला म्हणला, च्या ठेवला का? मी म्हणलं, ठेवते. एवढंच. पुन्हा कधी त्यो विषय मी काढला नाय, त्यानं बी नाय. दुसऱ्या दिवसापासनं सगळ्यांना खोकायला लावायला लागला." मी विचारलं, बंदूक जमा केली ती निवडणूक कधी होती? ती म्हणाली, "त्याच उन्हाळ्यात." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "सरकारनं ठेवली असती तर साऱ्या गावाला कळलं असतं, रानात बंदूक नाय म्हणून. बायका आल्या नसत्या. त्यानं आपली गुपचूप ठेवली."

असेल तसंही. पण मला अजून वाटतं, हे पुरं उत्तर नाही. द्वारकेच्या त्या गर्दीत तो मला हेच सांगायला वळला होता का? का आणखी काही? मी गप्प बसले असते तर आज हे लिहायची वेळ आली नसती. मसुद्याचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. कायदा बरोबर की चूक, तेही आता मला सांगता येत नाही. आधी बाई मी फार ठाम होते. प्रशांतने परवाना परत केला, बंदूक ठाण्यातच राहिली.

ठाण्यातून आलो त्या दिवशी मी मामीकडेच मुक्काम केला. पहाटे बायका आल्या आणि ओट्यासमोर घुटमळत उभ्या राहिल्या. त्यांना आम्ही काही सांगितलेलं नव्हतं. मामीने चूळ भरली, डोक्याला फडकं बांधलं आणि खुंटीवरची खोळ काढून खांद्याला अडकवली. मी हळूच म्हटलं, "मामी, वाळू तरी काढून टाकते. उगाच ओझं." ती म्हणाली, "असू दे. हलकं असलं की चालण्यात दिसतं." आम्ही निघालो. पुढे मामी, उजवा खांदा खाली, मागे बायका, शेवटी मी. उसावर धुकं होतं. सगळ्या रानात आता बंदूक म्हणून नव्हती, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. तरी मामी बांधावर थांबली, मोठ्यांदा खोकली, आणि मग सरीत उतरली. तिच्यामागून एकेक बाई खोकली. शेवटी माझी पाळी आली. मी तिथेच थांबले. मग खोकले, आणि आत गेले.