पाण्यातल्या नांग्या

घरातल्या माशांच्या काचेच्या टाकीत सोडायला वाम मी आणली ती निव्वळ हौसेपोटी. खासबागेतल्या मासेवाल्या दुकानदारानं आधीच बजावलं होतं, "मॅडम, ही वाळूत घुसती. हिच्यासंगं झाडं टिकायची न्हाईत." असलं काही ऐकलं की माझ्या अंगातच येतं. टिकायची नाहीत म्हणजे काय? लांब पात्यांची चार हिरवी रोपं, पिशवीभर बारीक वाळू आणि ती वीतभर तपकिरी वाम, सगळं घेऊनच मी अनगोळला घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चारही रोपं पाण्यावर तरंगत होती. वाम वाळूत गडप, फक्त टोकदार नाक तेवढं बाहेर. मी चिडले, आणि खरं सांगते, चिडले त्याहून जास्त खूश झाले! काचेला नाक लावून दहा मिनिटं तिच्या नाकाकडे बघत बसले. नवरा म्हणाला, "कालवणापुरती मोठी झाली की सांग."

तेव्हा आप्पा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे होते. आई गेल्यापासून ते निपाणीजवळच्या गावात एकटे राहायचे. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी त्यांना आणलं, गुडघा बरा झाला आणि त्यांचं टुमणं सुरू झालं, "लेकीच्या घरी बसून किती दिस खायाचं गं? सोमवारी जातो." दर सोमवारी मी काहीतरी निमित्त काढायची. गावात ते पुन्हा पडले असते तर उचलायला कोणी नव्हतं. त्यांनी राहावं एवढंच मला हवं होतं, पण 'राहा' म्हटलं की ते आणखी ताठ व्हायचे.

मी रोपं परत खोचत होते, ती परत वर येत होती. आप्पा मागं येऊन उभे राहिले. "सरक. आशी लावत्यात व्हय?" बाह्या सरसावून त्यांनी टाकीत हात घातला. जन्मभर तंबाखूची रोपं लावलेला हात तो. रोप दोन बोटांत धरून वाळूत तिरकं सरकवलं, जरासं वर ओढून मूळ सरळ केलं आणि बुडाशी अंगठ्यानं दाबलं. बसलं की! मी टाळ्याच वाजवल्या.

वामीनं रात्रीत दोन उपटली. "नांग्या पडल्या," आप्पा म्हणाले. शेतात रोपं मरून मोकळ्या राहिलेल्या जागांना आमच्याकडे नांग्या म्हणतात, आणि त्या लगेच भरायच्या असतात. मग रोज चहाच्या आधी टाकीतल्या नांग्या भरणं सुरू झालं. अंगणातली गांडुळं ते वामीला घालू लागले. मी शाळेत शिकवायला गेले की मधल्या सुट्टीत फोन यायचा, "आज तीन उपटलीत. लई वांड हाय ही बया!" सोमवार येऊन गेलेला कळायचाही नाही.

मला मात्र जिंकायचं होतं. एका शनिवारी मी मातीची बुटकी बोळकी आणली, प्रत्येकात एक रोप लावलं आणि वर गोटे दाबले. वामीनं बोळक्यांभोवती चकरा मारल्या, गोट्यांवर नाक घासलं आणि गुमान वाळूत गेली. आठ दिवस एक रोप हललं नाही. टिकली! शाळेत मी सगळ्यांना फोटो दाखवत सुटले.

नंतरच्या रविवारी सकाळी आप्पा टाकीसमोर नुसतेच उभे होते. "झ्याक केलंस," ते म्हणाले. "आता हितं माजं काय काम? उद्या मला ष्टँडवर सोड."

एवढी शहाणी मी, आणि त्यांच्या हातातलं काम मीच काढून घेतलं होतं.

दुपारी ते झोपल्यावर मी बोळकी बाहेर काढली. रोपं वाळूत लावली, आणि मुद्दाम वाईट लावली, अंगठा न दाबता. मग गांडूळ दाखवून वामीला बरोबर त्यांच्या मधोमध आणलं. ती उपटेल ना, या विचारानं संध्याकाळभर मला चैन नव्हतं.

सोमवारी सकाळी मी दूध तापवत होते, तोच हाक आली, "अगं, ये लवकर! समदी उपटलीत हिनं! कुणी लावली हुती असली?"

धावत गेले. आप्पांचा हात कोपरापर्यंत पाण्यात होता.

"मीच," मी म्हटलं.

"तुला न्हाय जमायचं गं," पाण्यातून नजर न काढता ते म्हणाले. "मलाच ऱ्हावं लागंल."