रक्त पुसलं कोणी?

दर रविवारी वाचनालयात आम्ही सातजण जमतो आणि नुकत्याच वाचलेल्या रहस्यकथांची चिरफाड करतो. त्यात दवाखान्यात फरशी पुसणाऱ्या मावशी सगळ्यांत खवट. पुस्तक कुठलंही असो, त्यांचा प्रश्न एकच, "रक्त पुसलं कोणी?"

परवा मास्तरांनी एक कादंबरी डोक्यावर घेतली. तिच्यात नवरा हातोडीनं बायकोचं डोकं फोडतो, चिळकांड्या भिंतीवर उडतात, आणि पुढच्याच पानावर इन्स्पेक्टर त्याच खोलीत आरामात चहा पितो.

"काय वर्णन आहे! मजा आली," मास्तर म्हणाले.

मावशींनी ते जाडजूड पुस्तक उचललं आणि मास्तरांच्या तोंडावर फेकून मारलं. चष्मा फुटला, नाकातून रक्ताची धार लागली.

माझं टाळकंच सटकलं. "डोकं फिरलंय का तुमचं? गोष्ट आहे ती! दर वेळी फरशीचं काय घेऊन बसता?"

त्यांनी माझीच कॉलर धरली. हाताला फिनेलचा वास होता.

"तीन बादल्या लागतात. गरम पाणी चालत नाही, डाग पक्का बसतो. फटीतलं टूथब्रशनं खरवडून काढावं लागतं."

"दवाखान्यात शिकलेली अक्कल तिथंच पाजळा!" मी ओरडलो.

त्यांनी कॉलर सोडली.

"दवाखान्यात नाही. पोलीस जावयाला घेऊन गेले, तेव्हा लेकीच्या खोलीत शिकले. नोकरी त्यानंतरची."

मग पदरानं त्यांनी मास्तरांचं फरशीवर सांडलेलं रक्त पुसलं.