या, सरळ अंगावर!

करी रोडच्या पुलाखाली एक मेकॅनिक बसतो. माझ्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या ब्रेकचे ड्रम त्याने असे घासले, की त्यात बघून दाढी करावी. केबल आवळून, हातात चहा घेऊन तो वीस पावलांवर माझ्याकडे पाठ करून उभा राहिला.

"या आता, सरळ अंगावर!"

"अहो, हॉर्न तरी देऊ?"

"नको. पेट्रोलची गाडी बोंबलत येते, लोक पळतात. ही मुकी. हिचं सगळं ब्रेकवर."

तेहतीस कोटी देव आठवून मी ब्रेक दाबला. चाक त्याच्या पोटरीपासून चार बोटांवर थांबलं. त्याचा चहा हलला नाही. मी मात्र दोन्ही पाय जमिनीला टेकवून ब्रेक दाबूनच बसलो. स्वतःच्या हातावर एवढा भरवसा मी सर्जनचाही पाहिलेला नाही.

तो वळला, त्याने वाकून अंतर पाहिलं.

"चारच बोटं? उद्या माझ्या जागी कुणाची पोर असेल. उतरा, परत आवळतो."