शेवटी दोरा

कमरबीच्या जिभेला हाड नव्हतं आणि हाताला विसावा नव्हता. मांडीवर विडीचं सूप घेऊनच ती सोलापुरात म्हातारी झाली. डोळे शेजारणीच्या भांडणावर, तोंड सुनेच्या मागे, आणि बोटं आपली विड्या वळतायत! पान, तंबाखू, वळण, शेवटी दोरा. आरजू लग्न होऊन आली तेव्हा तिनं घाईत दोराच आधी उचलला होता, तर सासूनं हातावर चापट मारली होती.

परवा पान कापताना कात्री कमरबीच्या डाव्या अंगठ्यात घुसली. तिनं विडीवालीचाच उपाय केला, जखमेत तंबाखू भरली आणि वर दोरा आवळला. दुखलं तर काहीच नाही. साखरेच्या आजारानं बोटं कधीच बधिर झाली होती, आणि गोळ्या आठवल्या तर घ्यायच्या, हा तिचा नेम. मग अंगठा टरारून सुजला, हुडहुडी भरून ताप आला.

आज दुपारी ताप उतरला. अंग गार लागलं. तिचा मुलगा खालिद खूश झाला.

"अम्मा बरी झाली की!" म्हणत त्यानं टेम्पोची किल्ली उचलली. कमरबी डोळे मिटून पडली होती, बोटं चादरीवर हलत होती. "बघ, झोपेतबी विड्या वळतीया."

आरजूही हसली. मग तिनं वाकून नीट पाहिलं. सासू आधी दोरा गुंडाळत होती, मग तंबाखू चिमटीत घेत होती, मग पुन्हा दोरा. कमरबी चुकत होती. कमरबी, विडीत!

"अवो, अम्मा विडी चुकायला लागल्यात!"

"येडी हाईस का?"

"टेम्पो दारात आणा आदी!" ती किंचाळलीच.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी अंगठा पाहिला, रक्तदाब पाहिला आणि धावपळ सुरू झाली. "सेप्सिस आहे. संसर्ग आवरेना झाला की शरीर स्वतःवरच उलटतं. उतारवयात ताप न चढता अंग गारही पडतं, माणूस बरळतो, आणि घरच्यांना वाटतं उतार पडला."

"एवढ्याशा जखमेनं?" खालिदनं विचारलं.

"वय, साखर, चिघळलेली जखम. कुणाला न्यूमोनियानं होतं, कुणाला लघवीच्या संसर्गानं. आमच्याकडे असे पेशंट नेहमीचेच. उशिरा येतात, तेच वाईट."

सलाईन लागलं, औषधं सुरू झाली. आणि सासूची बोटं थांबली. चुकणंसुद्धा थांबलं. "अम्मा, चुका की, कितीबी चुका," आरजू कानाशी लागून म्हणाली. बोटं हलली नाहीत.

सकाळी चादर जराशी हलली. आरजू वाकून पाहू लागली. पान. तंबाखू. वळण. पुढचं बघायचा धीरच होईना, तिनं डोळे गच्च मिटले.

हातावर चापट बसली, अगदी हलकी.

"दोरा दे की," कमरबी पुटपुटली.